भोंपूचं दुसरं नाव

शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या. गाडी थांबली की ती आपण थांबवली की शेजारच्याने, हे नवख्याला कळत नाही. बरेच मास्तर याचा पुरेपूर फायदा घेतात. गडी भिंतीच्या दिशेने निघालेला असतो, हे गपचूप पाय दाबतात आणि वर पाठ थोपटतात, "वा, जमलं की!" गिऱ्हाईक खूश, मास्तर खूश, भिंत तर सगळ्यात जास्त खूश.

बाईंना हे साफ नामंजूर होतं. सव्वीस वर्षं त्यांनी गाडी शिकवली आणि सव्वीस वर्षांत एकदाही चोरून ब्रेक दाबला नाही. दाबायच्या भरपूर, पण दाबला रे दाबला की खणखणीत आवाजात सांगायच्या, "माझा!" म्हणजे गाडी मी थांबवली, तू नाहीस, उगाच फुगू नकोस. बाईंकडे शिकलेला माणूस दिवसाला वीसवीसदा "माझा!" ऐकून रडकुंडीला यायचा, पण परीक्षेला बसला की त्याला आपण किती पाण्यात आहोत ते चोख ठाऊक असायचं. म्हणून तर दुसरीकडे दोन-दोनदा नापास झालेली माणसं शेवटी बाईंकडे यायची.

वह्या-पेनांचं दुकान आणि शिंपी यांच्यामध्ये पाचरीसारखी बसवलेली एक खोली म्हणजे बाईंचा क्लास. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि त्याच्या शेजारी एक फोटो. फोटोत बाईंची मुलगी, हातात नवं कोरं लायसन. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला बाई तो फोटो दाखवायच्या. "ही माझी मुलगी. हिच्या वेळी मला एकदासुद्धा 'माझा' म्हणावं लागलं नाही. पहिल्या दिवशी चाकाला हात लावला आणि अशी गाडी काढली की मी गप्पच बसले. रक्तातच असावं लागतं." मुलगी आता लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती. बाईंच्या आयुष्यात अभिमानाच्या गोष्टी फार नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांतली ही वरची.

बाईंचे यजमान लिफ्टवाले. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, गुडघे गेले तेव्हा निवृत्त झाले. माणूस गोड. त्यांच्या धंद्याचा पहिला धडा असा की मधल्या मजल्यावर कुणी अडकलं तर आधी हाक मारून सांगायचं, "घाबरू नका, दोन मिनिटांत काढतो." मग तास लागो की दोन तास. आतल्या माणसाला धीर मिळाला की निम्मं काम झालं, असं ते म्हणायचे. एकीला खोटं खपत नाही, दुसऱ्याचं खोट्यावाचून चालत नाही. तरी बत्तीस वर्षं एका छताखाली बरी गेली होती.

मुलगी गेल्यावर घर मुकं झालं. तेवढ्यात बाईंच्या एका विद्यार्थिनीने, जी बेवारशी कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम करायची, वळणावर गाडी बंद पाडता पाडता एका पिल्लाची गोष्ट सांगितली. पाच महिन्यांचं, काळं, एक कान उभा आणि एक पडलेला. नाल्यातून काढलेलं. दोन घरांनी नेलं, दोन घरांनी परत आणून दिलं. एका घरात त्याने सोफा फाडला, दुसऱ्या घरात सोफ्यासकट सोफ्यावरच्या आजोबांची विजार.

"दोनदा नापास?" बाईंनी विचारलं.

"दोनदा."

"मग माझ्याकडेच यायचं ते," बाई म्हणाल्या, आणि लगेच, "ब्रेक! ब्रेक! ...माझा!"

निवाऱ्याची मुख्य बाई मात्र सोपी नव्हती. घर बघायला आली, कपाटामागे डोकावली, गॅलरीच्या गजांत मूठ घालून अंतर मोजलं. तिने बजावलं, "तीन महिने हे कुत्रं तुमच्याकडे, पण कागदावर आमचं. तीन महिन्यांनी मी येणार. बस म्हटल्यावर बसलं पाहिजे, ये म्हटल्यावर आलं पाहिजे, आणि घरातल्या दोघांचंही ऐकलं पाहिजे. नाही तर मी घेऊन जाणार. आणि तिसऱ्यांदा परत आलेल्या कुत्र्याला घर मिळत नाही हो, त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो." मग कागद पुढे केला. सकाळची आणि संध्याकाळची शिकवणी बाईंची. दुपारची फेरी लिफ्टवाल्यांची, कारण दुपारी बाईंचे वर्ग असायचे. दोघांनी सह्या केल्या.

पिल्लाचं नाव बाईंनी ठेवलं भोंपू. घरात पाऊल टाकल्यापासून ते एकसारखं वाजत होतं.

भोंपूने पहिल्या आठवड्यात बाईंच्या नाकी नऊ आणले. गाडीच्या मागे लावायची 'शिकाऊ चालक'ची पाटी खाल्ली. पट्ट्याची कडी चावली. पाहुण्याच्या अंगावर उडी मारून त्याचा चष्मा पळवला आणि पलंगाखाली बसून तो चष्मा राखत राहिला. बाईंनी कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवला: बसणं, थांबणं, येणं, सोडणं. शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची. हुकूम एकदा, स्वच्छ आवाजात. ऐकलं नाही की उजवा पाय धाडकन जमिनीवर, जसा गाडीत ब्रेकवर पडतो. सव्वीस वर्षांचा पाय तो, त्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

"अगं, खालच्या मजल्यावरचे विचारत होते, काय कुटताय म्हणून," लिफ्टवाले म्हणाले.

"शिस्त कुटतेय म्हणावं."

पाय आपटला की भोंपू जागच्या जागी थिजायचा, जमिनीला पोट लावून. कधीकधी ओलंही करायचा. बाई फडकं फिरवत म्हणायच्या, "लहान आहे. पण थांबायला बघा कसा शिकला!" बसणं आणि येणं मात्र काही केल्या जमेना. बोलावलं की दाराशी जाऊन उभा राहायचा. महिना उलटला तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रोज सकाळी त्या तक्त्यासमोर उभ्या राहायच्या आणि रिकाम्या चौकटी मोजायच्या.

आणि मग पाचव्या आठवड्यात चमत्कार झाला. एका सकाळी बाई म्हणाल्या, "बस," आणि भोंपू बसला. नुसता बसला नाही, मान वर करून पुढचा हुकूम काय म्हणून बघत राहिला. दोन दिवसांनी "ये" म्हटल्यावर आला. पुढच्या आठवड्यात तोंडातली चप्पल हातात आणून दिली. बाईंनी यजमानांना गदागदा हलवलं. "बघितलंत? जमलं! म्हटलं होतं ना मी, दोनदा नापास झालेले माझ्याच हाताखाली पास होतात!"

"तुझ्या हाताला गुण आहे," लिफ्टवाले म्हणाले आणि घाईघाईने चहात साखर घालायला आत गेले. साखर आधीच घातलेली होती.

त्या महिन्यात बाईंनी क्लासच्या भिंतीवर मुलीच्या फोटोखाली भोंपूचा फोटो लावला. विद्यार्थ्यांना आता दोन गोष्टी ऐकाव्या लागायच्या. शेजारचा शिंपी तर वैतागून म्हणाला, "बाई, तुमच्या कुत्र्याला आता गाडीच शिकवा, म्हणजे आम्ही सुटलो."

निवाऱ्याची बाई यायला आठ दिवस उरले होते. त्या दुपारी बाईंच्या शेजारी एक कारकून बसला होता. चाळिशीचा, घामट हातांचा, स्टिअरिंगला बुडत्या माणसासारखा धरणारा. नेहमीचा रस्ता खोदून ठेवलेला, म्हणून बाईंनी बंद पडलेल्या कारखान्याच्या बाजूने गाडी घ्यायला लावली. कारखान्याच्या कुंपणाला लागून एक मोकळं मैदान होतं. बाकावर एक ओळखीची टोपी दिसली. टोपीखाली लिफ्टवाले, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. फिरायला आणलंय वाटतं, बाईंच्या मनात आलं आणि त्यांना हसूही आलं.

पण पट्टा त्यांच्या हातात नव्हता. मैदानाच्या मधोमध भोंपू बसला होता, मातीत पुरल्यासारखा निश्चल. त्याच्यापासून तीस पावलांवर, त्याच्याकडे पाठ करून, एक वाळका म्हातारा चालत जात होता. कारखान्याच्या गेटवरचा जुना पहारेकरी तो, पूर्वी गेटवरची राखणीची कुत्री सांभाळायचा. भोंपूच्या बाजूने एक सायकल गेली, एक मांजर गेलं, तो हलला नाही. मग म्हाताऱ्याने वळून तळहात छातीशी आणला आणि हलक्या आवाजात हाक मारली, "शहाण्या!"

आणि बाईंचा भोंपू बाण सुटावा तसा सुटला. म्हाताऱ्याच्या पायाशी येऊन बसला. बाकावरून लिफ्टवाल्यांनी टाळी वाजवली.

कारकुनासमोर एक हातगाडी आली. बाईंचा पाय आपोआप पडला. गाडी गचकन थांबली. कारकून वाट बघत राहिला. नेहमीचा शब्द आला नाही.

"बाई, तो... तुमचा होता का माझा?"

बाई काचेतून मैदानाकडे बघत होत्या. "तुमचा," त्या म्हणाल्या.

"खरंच?" कारकुनाचा चेहरा फुलला. "बाई, आज पहिल्यांदाच माझा माझा लागला!"



संध्याकाळी त्यांनी आरडाओरडा केला नाही. भोंपूला वाटी भरून दिली, हात धुतले, टॉवेल जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "शहाण्या कोण?"

लिफ्टवाल्यांचा हात पाण्याच्या भांड्यावर थांबला.

"किती दिवस चाललंय?"

"अगं, ऐक तर..."

"मी किती दिवस विचारलं."

"दोन महिने," ते म्हणाले. "रोज दुपारी. त्या काकांना कुत्र्यातलं कळतं गं, आणि ते काही मागतही नाहीत. त्यांचा वेळ जातो."

"आणि मी सकाळ-संध्याकाळ काय करत होते? नाटक? तुम्ही बसून बघत होतात, मी टाळ्या पिटतेय ते?"

"तुला आनंद होत होता."

"तुमच्या लिफ्टमधलं माणूस वाटले मी तुम्हाला? 'दोन मिनिटांत काढतो'?"

लिफ्टवाले खुर्चीत बसले. गुडघा चोळत राहिले. माणूस गोड खरा, पण कोंडीत सापडला की गोड माणसंही खरं बोलून जातात. "तो तुला घाबरत होता. तू पाय आपटलास की मुतायचा. तुला वाटायचं, शिकला. काकांनी पहिल्या दिवशी बघितलं आणि विचारलं, याच्यासमोर पाय कोण आपटतं? मी काय सांगणार होतो? तीन महिन्यांनी ती बाई त्याला घेऊन गेली असती. मग तुझं काय झालं असतं?"

"मला सांगायचं होतंत."

"तुला? तुला सांगून चालतं का? पोरीच्या वेळी तरी कुठे..."

शब्द बाहेर पडला होता. लिफ्टवाल्यांनी ओठ मिटले, पण गेलेली गोष्ट पकडून आणता येत नव्हती. भोंपू वाटी चाटता चाटता थांबला.

"पोरीच्या वेळी काय?"

"काही नाही."

"पोरीच्या वेळी काय, अहो?"

ते भिंतीकडे बघून बोलले. मुलगी बाईंच्या गाडीत बसण्याआधी दोन महिने रोज सकाळी वाचनालयात जाते म्हणून जायची ती वाचनालयात जात नव्हती. पलीकडच्या पेठेतल्या एका मास्तरांकडे गाडी शिकत होती. फी बापाने भरली होती. सगळं शिकून झाल्यावर ती आईच्या शेजारी येऊन बसली आणि अशी गाडी काढली की आई गप्पच बसली.

बाईंनी फोन उचलला. रिंग बराच वेळ वाजली.

"हां आई, बोल ना. भोंपू काय म्हणतोय?"

"गाडी कुणाकडे शिकलीस?"

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "बाबांनी सांगितलं?"

"मी तुला विचारतेय."

"आई... लहानपणी पाढे चुकले की तू पाय आपटायचीस ना, तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा यायचा. गाडीत तुझ्या शेजारी बसायचं म्हटल्यावर मला रात्रभर झोप यायची नाही. बाबा म्हणाले, आधी शिकून घे, तिला कळायला नको, ती खूश होईल."

"झाले की खूश. बारा वर्षं झाले."

"आई, मला वाटलं, एव्हाना तुला माहीत असेल."

"नव्हतं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीपेक्षा आधी क्लासवर गेल्या आणि मुलीचा फोटो उतरवला. मागे भिंतीचा जुना रंग निघाला, चौकोनी, उजळ. तक्ता सरकवून झाकावा म्हटलं तर तो सरकेना. शेवटी तसाच ठेवला. भोंपूचा फोटो त्यांनी आधी ड्रॉवरमध्ये टाकला, मग परत काढला, मग पुन्हा टाकला. दुपारी कारकून आला, कालच्या यशाने छाती पुढे काढून. बाई गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "कालचा ब्रेक माझा होता. मी खोटं बोलले."

कारकुनाचा चेहरा उतरला. "बाई, मी घरी सगळ्यांना सांगितलं हो."

"आता जाऊन परत सांगा. चला, आरसे बघा."

बाईंना त्याचा चेहरा पुढे दिवसभर दिसत राहिला. आपला चेहरा असाच दिसत असणार, हेही.

आठ दिवस नवरा-बायको कामापुरतं बोलले. मीठ द्या, दार लावा. लिफ्टवाले दोनदा म्हणाले, "चुकलं," आणि दोन्ही वेळा बाईंनी विचारलं, "नेमकं काय?" मनातून लिफ्टवाल्यांना काहीच चुकलेलं वाटत नव्हतं. बाईंनाही ते दिसत होतं. चोरी करणाऱ्याला पश्चात्ताप तरी होतो. भलं करणाऱ्याला कसला होणार? केसाने गळा कापायचा आणि वर विचारायचं, दुखलं तर नाही ना?

तपासणीच्या दिवशी निवाऱ्याची बाई आली. पलंगाखाली डोकावली, तक्ता वाचला, खूश झाली. "सगळ्या चौकटी भरल्यात! कुणी शिकवलं?"

लिफ्टवाले पटकन म्हणाले, "हिनेच. सकाळ-संध्याकाळ."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बारा वर्षांत बहुधा असंच बघायचं राहून गेलं होतं. मग त्या निवाऱ्याच्या बाईकडे वळल्या. "मी नाही शिकवलं. कारखान्याच्या पहारेकऱ्यांनी शिकवलं, माझ्या मागे. यांनी सही दुपारच्या फेरीची केली होती आणि पोचवलं दुसऱ्याच्या हाती. ते शहाण्या म्हणून हाक मारतात, मी भोंपू म्हणते."

"अगं!" लिफ्टवाल्यांच्या तोंडून निघालं. "नेतील ना त्याला!"

निवाऱ्याच्या बाईने कागद खाली ठेवला. "बोलवा बघू तुम्ही," ती बाईंना म्हणाली.

"भोंपू, ये."

भोंपू उठला, दोन पावलं आला, थबकला, लिफ्टवाल्यांकडे बघू लागला. आणि बाईंचा पाय, सव्वीस वर्षांचा, त्यांना न विचारता धाडकन पडला.

भोंपू जमिनीला चिकटला. कान मागे, शेपूट पोटाखाली. त्याच्याखाली हळूहळू ओलं पसरलं.  बाईंनी पहिल्यांदा ते बघितलं. आजवर पुसलं होतं फक्त. पोटात गोळा आलेलं माणूस कुत्रं असतं तर असंच दिसलं असतं, त्यांना वाटलं, आणि त्या फडकं आणायला आत गेल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा निवाऱ्याची बाई लिहीत होती. "आज मी न्यायलाच हवं होतं," ती म्हणाली. "पण मला इतकं खरं कुणी सांगत नाही. एक महिना वाढवून देते. दुपारची फेरी आता तुमची. त्या काकांकडे तुम्ही स्वतः उभं राहायचं, शिकाऊ म्हणून. आणि तुम्ही," ती लिफ्टवाल्यांना म्हणाली, "मध्ये पडायचं नाही."

बाईंनी दुपारचा एक वर्ग बंद केला. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या मैदानात उभ्या राहिल्या. पहारेकरीकाकांनी त्यांना चपला काढायला लावल्या. "अनवाणी उभ्या राहा, बाई. पाय आपटला तर तुम्हालाच लागेल." येऊ नका म्हणून सांगितलं होतं तरी लिफ्टवाले बाकावर येऊन बसले होते, शेंगदाण्यांची पुडी घेऊन. बाईंनी तिकडे पाठ केली.

काकांनी भोंपूला तीस पावलांवर बसवलं. "बोलवा."

"कुठल्या नावाने?"

"ज्याने येईल त्याने."

बाईंना ते दुसरं नाव जिभेवर आणायला बराच वेळ लागला. पायाखाली खडे टोचत होते. मग त्या म्हणाल्या, "शहाण्या," आणि आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही, इतका हळू.

भोंपूने मान वर केली. बाईंकडे बघितलं, बाईंच्या मागे बघितलं, आणि धावत येऊन त्यांच्या पावलांशी बसला. त्याचं ओलं नाक अंगठ्याला लागलं.

"वा, जमलं की!" बाकावरून लिफ्टवाले ओरडले.

बाई वळल्या. काका त्यांच्या मागे उभे होते, तळहात अजून छातीशी होता. त्यांनी तो खाली घेतला.

"हात माझा होता, बाई," काका म्हणाले. "तो माझ्या हाताला आला."

 कित्येक दिवसांत बाईंशी एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आता हात मागे धरा. पुन्हा."

भोंपूला पट्टा लावून त्या स्वतः तीस पावलं चालवत घेऊन गेल्या. बाकावरून उठून लिफ्टवाले पट्टा धरायला पुढे आले, तेव्हा बाईंनी तो पलीकडच्या हातात घेतला.